सीआरपी, डी-डायमर आणि पुढचे आठ दिवस

२०२१ च्या एप्रिलमध्ये अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घराघरांत नवेच प्रश्न कानावर पडत होते. ‘ताप उतरला का’च्या जोडीला ‘सीआरपी किती आला’, ‘डी-डायमर वाढलाय का’, ‘सीटी स्कोअर पंचवीसपैकी किती’. सकाळी पीपीई किट चढवलेला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जाई. संध्याकाळपर्यंत पीडीएफ मोबाइलवर येई आणि फॅमिली डॉक्टरकडे, मग कुठल्याशा रुग्णालयात निवासी डॉक्टर असलेल्या भाच्याकडे, मग सोसायटीच्या ग्रुपवर फिरत राही. सीबीसी, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच आणि परवडत असेल तर आयएल-६, असे एक पॅकेजच तयार झाले होते. ४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. खाटा अपुऱ्या, ऑक्सिजनची ओढाताण. आज घरात बरा दिसणारा माणूस चार दिवसांनी धाप लागून पडेल की नाही, हे रक्तातून आधी कळणार असेल तर ते कोणाला नको होते?

ते खरोखर कळते का, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगभर भरपूर लिहिले गेले. काही गोष्टींचा निकाल लागला आहे, काहींचा लागलेला नाही. वाद नेमका कुठे उभा आहे आणि उपनगरांतल्या रुग्णांपुरता त्याचा अर्थ काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वुहानचे आकडे आणि मरोळचा वॉर्ड

सुरुवात वुहानपासून करावी लागते. मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिथल्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतले ५४ दगावले होते. दाखल होताना डी-डायमर एका मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्यांना मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला. गणितात ते गुणोत्तर १८ च्या वर गेले. हा १८ चा आकडा पुढे जगभर फिरला. त्याच्या शेजारीच छापलेली अनिश्चितता मात्र फारशी कोणी उद्धृत केली नाही. खरे गुणोत्तर अडीचपासून सव्वाशेच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकते, असे तोच तक्ता सांगत होता. ५४ मृत्यूंवरून याहून नेमके काही सांगता येणे कठीणच होते. त्याच अभ्यासात वाढलेले वय आणि अवयव किती निकामी होत आहेत हे मोजणारा सोफा स्कोअर हेही स्वतंत्र धोके ठरले होते.

या चाचण्यांमागचे शरीरशास्त्र मात्र पटण्यासारखे होते. रक्ताची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात, ते डी-डायमर. कोविडमध्ये फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, म्हणून तो वाढतो. दाह भडकला की आयएल-६ नावाचा रासायनिक निरोप यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. पेशी फुटल्या की एलडीएच बाहेर येते. फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवते, पण दाहातही ते चढते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी घटतात आणि न्यूट्रोफिल वाढतात, म्हणून दोहोंचे गुणोत्तर काढायचे. हे गुणोत्तर साध्या सीबीसीतून, काहीही जादा खर्च न करता निघते. ‘सायटोकाइन स्टॉर्म’ ही कल्पना याच सुमारास प्रचारात आली आणि या सगळ्या आकड्यांना तिने एक कथानक मिळवून दिले. विषाणूपेक्षा शरीराचाच प्रतिकार अनावर होऊन माणसाला मारतो, आणि रक्तचाचण्या त्या अनावर होण्याची आगाऊ वर्दी देतात, असे ते कथानक.

मुंबईत पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडले आणि पहिला मृत्यू १७ मार्चला कस्तुरबा रुग्णालयात झाला. अंधेरी पूर्वेला मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने कोविडसाठी उभे केले. एप्रिलमध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा टास्क फोर्स नेमला गेला. मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग सांभाळणारे डॉ. राहुल पंडित त्यात होते. जूनपर्यंत साथीचा जोर शहराकडून उत्तर उपनगरांकडे सरकला. महापालिकेला २२ जूनला मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसर या भागांसाठी वेगळी कृतियोजना जाहीर करावी लागली. जुलैत मुलुंड आणि दहिसरची जम्बो केंद्रे सुरू झाली, गोरेगावच्या नेस्कोचे त्याआधीच सुरू झाले होते. हजारो खाटांच्या मांडवात कोणाला साधी खाट, कोणाला ऑक्सिजनची आणि कोणाला अतिदक्षता विभाग, ही वाटणी दिवसरात्र करावी लागत होती. डॉक्टर कमी, त्यांतले बरेच अगदी तरुण. अशा ठिकाणी एका कागदावर येणारे पाच-सहा आकडे हा मोठा आधार होता, हे आज टीका करताना विसरू नये.

आगाऊ वर्दी मिळते, असे म्हणणारे

पहिला पक्ष या चाचण्यांच्या बाजूचा. त्याचे म्हणणे असे की कोविडचा पहिला आठवडा फसवा असतो. माणूस चालता-बोलता असतो, ऑक्सिजन ९६ असतो, आणि सातव्या-आठव्या दिवशी एकदम घसरतो. या मधल्या काळात शरीरात काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, रक्तात दिसते. त्यातही एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. सीआरपी १२ वरून ४० आणि ४० वरून ९० वर गेला, तर पल्स ऑक्सिमीटर काही म्हणो, त्या रुग्णावर नजर ठेवलीच पाहिजे. उपनगरांतल्या अनेक जनरल प्रॅक्टिशनरांनी २०२१ च्या लाटेत असेच काम केले. शंभरेक रुग्ण फोनवर, प्रत्यक्ष तपासणी अशक्य, हातात रोजचे सॅच्युरेशन आणि दोन दिवसांआडचा रक्ताचा रिपोर्ट.

या पक्षाकडे पुरावा नाही असे नाही. गंभीर आजारी पडलेल्यांत सीआरपी, एलडीएच, डी-डायमर, फेरिटिन जास्त आणि लिम्फोसाइट कमी असतात, हे चीन, इटली, अमेरिका आणि भारत अशा सगळीकडच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले. बॉस्टनमधल्या चार रुग्णालयांतल्या १६४१ रुग्णांच्या अभ्यासात तर सीबीसीतल्याच एका दुर्लक्षित आकड्याने, लाल पेशींच्या आकारातला फरक सांगणाऱ्या आरडीडब्ल्यूने, मोठा फरक दाखवला. तो १४.५ टक्क्यांच्या वर असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३१ टक्के निघाले, खाली असलेल्यांत ११ टक्के. संगणकाच्या मदतीने याहून पुढे जाण्याचे प्रयत्नही झाले. वुहानच्याच ४८५ रुग्णांच्या माहितीवरून मे २०२० मध्ये एका गटाने एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या तीनच चाचण्यांचा एक निर्णयवृक्ष मांडला. दहा दिवसांहून अधिक काळ आधी मृत्यूचे भाकीत, तेही ९० टक्क्यांहून जास्त अचूक, असा त्याचा दावा होता.

वय आणि ऑक्सिजन आधीच सांगतात, असे म्हणणारे

दुसऱ्या पक्षाने हे आकडे नाकारले नाहीत. त्याचा आक्षेप वेगळा आहे. दगावलेल्यांत डी-डायमर जास्त असतो, हे मान्य. पण तो न मोजता, रुग्णाचे वय, श्वासाची गती आणि ऑक्सिजन एवढेच पाहून जे कळले असते, त्याहून जास्त त्याने काही सांगितले का?

हा प्रश्न थेट तपासला गेला. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात ४११ रुग्णांच्या नोंदींवर तोवर प्रसिद्ध झालेली भाकिताची २२ मॉडेल चालवून पाहिली गेली. मृत्यूच्या बाबतीत एकट्या वयापेक्षा, आणि प्रकृती बिघडण्याच्या बाबतीत बाहेरचा ऑक्सिजन न लावता मोजलेल्या सॅच्युरेशनपेक्षा सरस असे त्यांत एकही निघाले नाही. वुहानचा तीन चाचण्यांचा निर्णयवृक्ष नेदरलँड्स आणि न्यूयॉर्कच्या रुग्णांवर लावला तेव्हा तोही कोसळला. कारण शोधण्यासारखे होते. मूळ मॉडेल घडवताना रुग्णाचा शेवटचा उपलब्ध रक्तनमुना वापरला होता, दाखल होतानाचा नव्हे. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे रक्त पाहून तो जाईल असे सांगणे अवघड नाही. मरोळच्या किंवा मुलुंडच्या डॉक्टरला उत्तर हवे असते ते रुग्ण दारातून आत येतो त्या वेळी.

‘बीएमजे’मध्ये सतत अद्ययावत होत गेलेल्या एका व्यापक आढाव्याने या सगळ्याचा लेखाजोखा ठेवला. एप्रिल २०२० च्या पहिल्या आवृत्तीत ३१ मॉडेल होती. जुलै २०२२ पर्यंत पुढे काय होईल हे सांगणारी मॉडेल आणि त्यांच्या पडताळण्या ६०६ वर गेल्या. त्यांतल्या ५४५ मध्ये पक्षपाताचा धोका जास्त असल्याचा निर्वाळा परीक्षकांनी दिला, कमी धोका असलेल्या अवघ्या २९. आरोग्यविज्ञानात एवढ्या थोड्या काळात एवढे वाया गेलेले कष्ट क्वचितच दिसले असतील.

टिकलेल्यांत सर्वांत नाव झाले ते ब्रिटनच्या ‘फोर-सी’ मृत्यू-स्कोअरचे. २६० रुग्णालये, घडवण्यासाठी ३५ हजारांवर रुग्ण आणि पडताळणीसाठी वेगळे २२ हजारांवर. त्यात आठ गोष्टी मोजतात: वय, लिंग, सोबतचे आजार किती, श्वासाची गती, सॅच्युरेशन, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी. एकूण २१ गुण. तीन किंवा कमी गुण असलेल्यांत मृत्यू १ टक्का, १५ किंवा जास्त असलेल्यांत ६२ टक्के. आठांपैकी रक्ताच्या चाचण्या दोनच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वत्र सहज होतील अशाच गोष्टी घ्यायच्या असे या गटाने ठरवले होते, त्यामुळे डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ यांना त्यात जागा नाही. आणि जी युरिया आहे, ती आपल्याकडच्या कोविड पॅकेजमधल्या त्या सहा नावांत नव्हती. पालिकेच्या कुठल्याही रुग्णालयात होणारी ही स्वस्त, जुनी चाचणी. नवे आणि महाग तेच उपयोगाचे, हा समज या साथीत किती खोल होता याचा हा नमुना म्हणावा लागेल.

दुसऱ्या पक्षाची काळजी केवळ खर्चाची नव्हती. ३ मे २०२१ रोजी ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी केंद्राच्या पत्रकार परिषदेत सांगितले, की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्तचाचण्या करू नयेत. कारण आकडा वाढलेला दिसला की घाबरून लवकर स्टिरॉइड सुरू केले जाते. ही भीती निराधार नव्हती. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले, ऑक्सिजनवरच्यांचे २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात मात्र औषध घेणारे १७.८ टक्के दगावले आणि न घेणारे १४ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायद्याची खूण त्यात नक्कीच नव्हती. म्हणजे स्टिरॉइड कधी द्यायचे याची खात्रीलायक कसोटी ऑक्सिजन ही होती, सीआरपी नव्हे. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आले, त्यांत मधुमेह आणि स्टिरॉइड ही जोडी ठळकपणे दिसली. प्रत्येक वेळी सुरुवात एखाद्या लाल अक्षरातल्या रिपोर्टने झाली असे म्हणता येणार नाही. काही वेळा झाली, हे डॉक्टर खासगीत मान्य करतात.

ओमिक्रॉनच्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, देश-परदेशातल्या डॉक्टरांच्या एका गटाने खुले पत्र लिहून अनावश्यक चाचण्या आणि औषधे थांबवण्याची मागणी केली, तीही याच भूमिकेतून.

भाकितासाठी नव्हे, औषध ठरवण्यासाठी

तिसरी भूमिका या दोघांच्या मधून जाते, आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त वजन तिलाच आहे. रुग्णाचे पुढे काय होईल हे सांगणे हे रक्तचाचणीचे खरे काम नव्हेच, असे ती म्हणते. चाचणीने एखाद्या औषधासाठी योग्य रुग्ण निवडून दिला, तर ती उपयोगी.

टोसिलिझुमॅबची गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. हे औषध आयएल-६ चा निरोप अडवते. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी अंधेरीहून ठाण्यापर्यंत नातेवाईक वणवण फिरले. आयएल-६ वाढले आहे, मग आयएल-६ अडवणारे औषध द्या, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण गंभीर कोविडमध्ये आयएल-६ ची सरासरी पातळी फार मोठी नसतेच, असे डिसेंबर २०२० च्या एका विश्लेषणात दिसले. एका मिलिलिटरमागे ३७ पिकोग्रॅमच्या आसपास. सेप्सिसमध्ये ती हजाराच्या जवळ असते आणि कर्करोगावरच्या पेशी-उपचारानंतर उठणाऱ्या खऱ्या वादळात तीन हजारांवर. म्हणजे ‘स्टॉर्म’ हे नावच थोडे अतिरंजित होते. भारतातल्या १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या ‘कोविनटॉक’ चाचणीत मध्यम ते गंभीर आजार असलेल्या सर्वांना मिळून या औषधाचा स्पष्ट फायदा दिसला नाही. जास्त गंभीर असलेल्यांत तो असावा, एवढी सूचना मिळाली. मग ‘रिकव्हरी’ने चार हजारांवर रुग्णांत ते तपासले. प्रवेशाची अट दुहेरी होती: ऑक्सिजन कमी झालेला आणि सीआरपी एका लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त. मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. इथे सीआरपीने भाकीत केले नाही, दार उघडले, आणि तेही ऑक्सिजनच्या सोबतीने. एकदा हे औषध दिल्यावर मात्र सीआरपी पाहण्यात अर्थ उरत नाही. आयएल-६ चा निरोपच अडला की यकृत सीआरपी बनवणे थांबवते, रुग्ण सुधारत असो वा नसो. आकडा उतरला म्हणून हुरळलेल्या कुटुंबांना हे कोणी समजावून सांगत नसे.

ग्रीस आणि इटलीतल्या ‘सेव्ह-मोअर’ चाचणीने हा विचार आणखी पुढे नेला. सूपार नावाचे एक प्रथिन ठराविक पातळीच्या वर असलेल्या ५९४ रुग्णांतच तिने अनाकिनरा हे औषध तपासले, फायदा दिसला आणि युरोपात त्या आधारे परवानगीही मिळाली. चाचणी आणि औषध एकत्र बांधून तपासायचे कसे, याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण.

डी-डायमर आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचा संबंध मात्र अजून सुटलेला नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या रुग्णांना हेपॅरिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा होतो, असे तीन चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षात २०२१ मध्ये दिसले, आणि तो डी-डायमर कमी असलेल्यांतही दिसला. अतिदक्षता विभागातल्यांना तो झाला नाही, जरी त्यांचा डी-डायमर सहसा सर्वांत जास्त असतो. ब्राझीलमध्ये डी-डायमर वाढलेल्यांनाच निवडून दुसरे औषध दिले, तर रक्तस्राव तेवढा वाढला. अमेरिकेतल्या एका चाचणीत डी-डायमर नेहमीच्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त असलेल्यांना हेपॅरिनचा लाभ झाला. या चारही गोष्टी एका सूत्रात बसवणारे स्पष्टीकरण अजून कोणी दिलेले नाही. प्रोकॅल्सिटोनिन या आणखी एका रक्तचाचणीचा मामला त्यामानाने सरळ होता. ते कमी असेल तर सोबत जीवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता कमी, म्हणून अँटिबायोटिक टाळता येते. टाळले किती गेले, हा निराळा विषय.

तोच आकडा, वेगळे रक्त

बॉस्टनचा, वुहानचा किंवा लंडनचा आकडा बोरिवलीत जसाच्या तसा लावता येतो का? या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष गेले, आणि इथेच सर्वांत जास्त काम बाकी आहे.

पहिली अडचण हिशेबाची. ‘रिकव्हरी’चे ७५ हे लिटरमागे मिलिग्रॅम आहेत. डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देणाऱ्या लॅबमध्ये तेच ७.५ होतात. डी-डायमर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट येतो. शिवाय कोणी नॅनोग्रॅममध्ये छापते, कोणी मायक्रोग्रॅममध्ये. विद्याविहार किंवा गोरेगावच्या मोठ्या केंद्रीय प्रयोगशाळेत जाणारा नमुना आणि नाक्यावरच्या लॅबच्या छोट्या यंत्रावर चालवलेला नमुना यांची तुलना करून ‘काल ४०० होता, आज ८०० झाला’ म्हणणे धोक्याचे. फोर-सी स्कोअरची युरिया मिलिमोलमध्ये आहे. तिची ७ ची रेषा आपल्या मिलिग्रॅममध्ये ४२ च्या आसपास पडते, आणि लॅबने युरियाऐवजी बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, छापले असेल तर २० च्या खाली. एलडीएचचे तर असे की रक्त काढताना किंवा दुचाकीवरून एप्रिलच्या उन्हात नेताना लाल पेशी फुटल्या, तरी ती वाढलेली दिसते.

दुसरी अडचण माणसांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोहाची कमतरता असली की आरडीडब्ल्यू मुळातच चढा असतो आणि फेरिटिन मुळातच उतरलेले. मग बॉस्टनची १४.५ ची रेषा इथे किती निरोगी स्त्रियांना धोक्यात ढकलेल? आणि जिचे फेरिटिन नेहमी १० असते तिचे १२० झाले, तर रिपोर्टवर ते ‘नॉर्मल’ म्हणूनच छापले जाईल, आत दाह पेटलेला असला तरी. मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी, लोहाणा आणि सिंधी वस्तीत थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्यांच्या लाल पेशींचे आकडे वाचताना आणखी एक गुंता. मधुमेहाचे प्रमाण, जुना क्षयरोग, वय वाढेल तसा आपोआप वाढणारा डी-डायमर, हे सगळे या रेषा सरकवतात. ऑक्सिमीटरही निर्दोष नाही. काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो खरी घसरण जास्त वेळा चुकवतो, असे अमेरिकेत दिसले आहे. आपल्याकडच्या त्वचेच्या विविध छटांत काय होते ते इथेच तपासायला हवे. राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटे चालून सॅच्युरेशन पाहायला सांगितले, त्याचा एक फायदा असा की त्यात प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

तिसरी अडचण सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत त्रासदायक. ज्याची आयएल-६ चाचणी झाली तो रुग्ण निवडून आलेला असतो. एक तर त्याची लक्षणे डॉक्टरांना ठीक वाटली नाहीत, आणि दुसरे म्हणजे त्याला ती परवडली. राजावाडी किंवा भगवती रुग्णालयात आठव्या दिवशी धाप लागून आलेल्या रुग्णाची पहिली सीआरपी आठव्या दिवसाची असते. लोखंडवालातल्या घरून लॅबला फोन करणाऱ्याची तिसऱ्या दिवसाची. दोघांच्या आकड्यांची एकत्र सरासरी काढली, तर ती सीआरपीबद्दल कमी आणि रुग्ण दवाखान्यात कधी पोचतो याबद्दल जास्त सांगेल. त्यात बरेच रुग्ण स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊनच दाखल होत. त्यांच्यात न्यूट्रोफिल औषधानेच वाढलेले असतात, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर आजाराची खूण न राहता चिठ्ठीची खूण बनते. एकेका रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवरून केलेल्या अभ्यासांत हे सारे वेगळे काढणे जवळपास अशक्य असते. आपल्याकडचे बहुतेक अभ्यास त्याच प्रकारचे आहेत.

पवईतले प्रयत्न

नेहमीच्या चाचण्यांपलीकडे नवे काही सापडते का, याचा शोध उपनगरांतच झाला. पवईच्या आयआयटीत प्रा. संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयाच्या सहकार्याने रुग्णांच्या रक्तद्रवातली शेकडो प्रथिने एकाच वेळी मोजली. सौम्य आणि गंभीर आजारात कोणती बदलतात ते पाहून त्यांतून संगणकाला काही ओळखीच्या खुणा शिकवल्या. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटाने ऑस्ट्रेलियातल्या क्यूआयएमआर बर्गहोफर संस्थेबरोबर आणखी एक सोपी वाट तपासली. रक्तद्रवाच्या थेंबावर अवरक्त किरण टाकायचे आणि त्यांच्या आलेखावरून आजाराची तीव्रता ओळखायची. प्रथिने मोजणारे यंत्र अवजड आणि महाग, अवरक्त किरणांचे त्यामानाने आटोपशीर. गटाने स्वतःच नोंदवले त्याप्रमाणे मधुमेहासारखे आजार या आलेखात मिसळतात, ते वेगळे काढावे लागतात. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या लाटेतल्या, लस घेतलेल्या रुग्णांवर अशा खुणा टिकतात का, ही पायरी अशा संशोधनाला चढावीच लागते. वुहानच्या निर्णयवृक्षाचे काय झाले ते पाहता ती गाळता येणारी नाही.

अजून उघडे असलेले

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत एका दिवसात २० हजारांवर रुग्ण नोंदले गेले, २०२१ च्या शिखराच्या जवळपास दुप्पट, आणि मृत्यू त्या मानाने फारच थोडे. लस, आधीचा संसर्ग आणि विषाणूचे नवे रूप यांनी मिळून पाया बदलला होता. इथे मॉडेलांच्या दोन गुणांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. अंधेरी आणि बोरिवली यांत पाऊस कुठे जास्त पडेल हे बरोबर सांगणे वेगळे आणि किती मिलिमीटर पडेल हे सांगणे वेगळे. फोर-सीसारखा स्कोअर दोन रुग्णांत कोण जास्त धोक्यात हे अजूनही बऱ्यापैकी ओळखू शकतो. पण १५ गुण म्हणजे ६२ टक्के मृत्यू, हा दुसरा हिशेब २०२० च्या लस नसलेल्या ब्रिटनचा आहे. ज्या लाटेत डेक्सामेथासोन सर्रास दिले जाते, तिला तो लागू नाही.

दुसरा उघडा प्रश्न घरी असलेल्या रुग्णांचा. जवळजवळ सगळा पुरावा रुग्णालयात दाखल झालेल्यांवरचा आहे, आणि उपनगरांत पॅकेज विकले गेले ते मुख्यतः घरी असलेल्यांना. सौम्य लक्षणांच्या माणसात पाचव्या दिवशी सीआरपी मोजल्याने, सॅच्युरेशन आणि सहा मिनिटांच्या चालीपलीकडे काही हाती लागते का, हे दोन गटांत रुग्ण वाटून तपासता आले असते. मला वाटते साथीच्या धबडग्यातही ते शक्य होते. पालिकेच्या वॉर्डावॉर्डातल्या कोविड वॉर रूम रुग्णांना रोज फोन करतच होत्या.

तिसरा प्रश्न नोंदींचा. अंधेरी-मुलुंडच्या हजारो रुग्णांचे वय, सॅच्युरेशन, युरिया, सीआरपी आणि अखेर काय झाले, हे कुठे ना कुठे लिहिलेले आहे. काही जम्बो केंद्रांच्या संगणकांत, काही पालिका रुग्णालयांच्या केसपेपरांत, काही लॅबच्या सर्व्हरवर. जम्बो केंद्रांचे मांडव उतरले, पण हे आकडे एका रुग्णामागे एक असे जुळवले गेले, तर फोर-सीची रेषा मुंबईत कुठे ओढायची, रक्तक्षयी स्त्रियांसाठी फेरिटिनची सीमा काय धरायची आणि युरिया पॅकेजमध्ये असती तर किती फरक पडला असता, याची उत्तरे त्यातून काढता येतील. रुग्णाची ओळख झाकून असे जोडकाम करण्याचे तंत्र जुने आहे. ते करायचे कोणी, पालिकेने, वैद्यकीय महाविद्यालयांनी की राज्याच्या आरोग्य विभागाने, आणि खासगी प्रयोगशाळांनी त्यात कोणत्या अटींवर यायचे, हे अजून ठरायचे आहे.